मित्र गेला म्हणून डॉक्टर व्हायचं का?

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. बारावी सायन्स, पीसीएम ग्रुप. ऑगस्टमध्ये सेक्टरच्या मैदानावर फुटबॉलची प्रॅक्टिस चालू असताना माझा पहिलीपासूनचा मित्र पळता पळता खाली पडला, तो उठलाच नाही. आम्हाला वाटलं चक्कर आली. तोंडावर पाणी मारलं, मग रिक्षात घालून नेलं. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, आणण्याआधीच गेलाय. नंतर कळलं की त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता, घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाऊस होता म्हणून तो त्या दिवशी येणार नव्हता. मीच फोन करून बोलावलं. आता मी मैदानाच्या रस्त्यानेही जात नाही. त्याची लहान बहीण समोर दिसली तर वळतो. क्लासला बसतो, पण डोक्यात काही शिरत नाही. पप्पा म्हणतात, झालं ते झालं, बोर्ड डोक्यावर आलंय. मॅडम, मला इंजिनीअरिंग सोडून नीट द्यायचीय, हार्टचा डॉक्टर व्हायचंय. ड्रॉप घेऊ का? त्याचे बूट अजून माझ्या बॅगेत आहेत.

उत्तर :

अरे बाळा, तू विचारलंस ड्रॉपबद्दल, पण सगळ्या पत्रात मला ऐकू येतो तो तुझा फोन. ‘मीच बोलावलं.’ म्हणून आधी तेच बोलू, नीटचं नंतर बघू.

मी तुला खोटा धीर देणार नाही. असा आजार असलेल्या हृदयाचे ठोके जोरात पळताना बिघडू शकतात, हे खरं आहे. पण ते बसलेलं असताना किंवा झोपेतही बिघडू शकतात. पुष्कळांना आधी काहीच त्रास होत नाही, त्यामुळे तपासणी केल्याशिवाय कळायला मार्गच नसतो. तुला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं, त्याच्या आईबाबांना नव्हतं. तू मित्राला खेळायला बोलावलंस. यापूर्वी शंभरदा बोलावलं असशील, आणि त्यानेही तुला तितक्यांदा बोलावलं असेल.

शॉन ॲबट या ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजाचं नाव तू ऐकलं असशील. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर त्याचा एक बाउन्सर फिलिप ह्यूजच्या मानेवर बसला. दोन दिवसांनी ह्यूज गेला. त्याचा सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता, आणि ॲबट होता बावीस वर्षांचा. २०१६ साली रीतसर चौकशीचा निष्कर्ष आला, त्यातही कुणालाच दोषी धरलं गेलं नाही. प्रत्यक्ष चेंडू टाकणाऱ्यालाही. ॲबट दोन आठवड्यांतच त्याच मैदानावर उतरला आणि त्या सामन्यात त्याने एका डावात १४ धावांत ६ बळी घेतले. हे वाचून ‘मग मला का जमत नाही’ असं मात्र मनात आणू नकोस. त्याच्याभोवती अख्खा संघ उभा होता. तू चार महिने एकटाच हे ओझं घेऊन फिरतोयस.

आता पाण्याबद्दल. तू ते एका ओळीत उरकलंस, पण रात्री तुला तेच दिसत असणार, अशी माझी समजूत आहे. हृदय थांबून माणूस कोसळला की हाक मारून, हलवून बघायचं. प्रतिसाद नसेल, श्वास नसेल किंवा नुसते आचके लागत असतील, तर एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल. जवळ शॉक देणारं एईडी यंत्र असेल तर ते आणायला कुणीतरी पळायचं. २०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला. मैदानावरच छाती दाबून, शॉक देऊन त्याला परत आणलं आणि काही महिन्यांनी तो पुन्हा खेळू लागला. पण कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए २००३ मध्ये लियाँच्या मैदानावर सामना चालू असतानाच कोसळला, अवघ्या २८ व्या वर्षी. त्याच्याही हृदयाचा स्नायू असाच जाड होता. एवढ्या मोठ्या स्पर्धेत, डॉक्टर हाताशी असूनही तो वाचला नाही. तुमच्या मैदानावर तर ना डॉक्टर होता, ना यंत्र, ना छाती दाबायला कुणी शिकवलं होतं. हे शिकवायचं काम आम्हा मोठ्यांचं होतं आणि ते आम्ही केलं नाही. जेवढं माहीत होतं तेवढं तुम्ही पोरांनी केलंत.

आता डॉक्टर होण्याचं. या कामात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघितली आहे, म्हणून जरा थांबून सांगते. माझ्याकडे नौपाड्यात एक मुलगी यायची. वडील कॅन्सरने गेले, त्यानंतर तिने ठरवलं की कॅन्सरचीच डॉक्टर व्हायचं. तीनदा नीट दिली. बाकीच्यांना मार्क कमी पडले की वाईट वाटतं, हिला दर निकालाला वाटायचं की आपण बाबांना पुन्हा गमावलं. अभ्यासात ती कच्ची नव्हती. प्रत्येक पेपरात ती वडिलांना वाचवायला बसायची, आणि त्या तीन तासांत कुणाच्याच हातून ते होणारं नव्हतं.

तू कधीच डॉक्टर होऊ नयेस, असं मी म्हणत नाही. कदाचित होशीलही, आणि चांगला होशील. पण हा निर्णय या डिसेंबरात घ्यायचा नाही. दार बंद होत नाहीये. नीटला वयाची वरची मर्यादा नाही. बारावी पीसीएमने करूनही नंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय देऊन नीटला बसता येतं, २०२३ पासून तशी मुभा आहे. म्हणजे हाच विचार तू जूनमध्येही करू शकतोस. तोवर अकरावीचं एनसीईआरटीचं बायोलॉजीचं पुस्तक आणून ठेव आणि रविवारी तासभर वाच, परीक्षा म्हणून नको. पेशी, वनस्पती, बेडकाची रचना, हे वाचायला आवडतंय का बघ. हृदयाचा धडा सोडून बाकीचं पुस्तक आवडलं, तर मला पुन्हा लिही. आणि एक लक्षात घे, ठोके बिघडले की शॉक देणारं यंत्र किंवा छातीत बसवायचं छोटं यंत्र इंजिनीअरच बनवतात. बायोमेडिकल इंजिनीअरिंग नावाची शाखा आहे आणि तिथे तुझं पीसीएम चालतं.

ड्रॉप नको. कॉलेज आणि क्लास सुटला तर तू दिवसभर त्या खोलीत त्या बुटांजवळ बसशील, याची मला जास्त काळजी वाटते. बोर्डाचं दडपण मात्र कमी करू. राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाला बारावीच्या पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला ४०. पुढचं सीईटीवर ठरतं. यंदा तुझं लक्ष्य तेवढंच. रोज दोन तास, तेही सकाळी, जुन्या प्रश्नपत्रिका. फारच घसरले तर श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येतं. कॉलेजात एका शिक्षकांना काय घडलं ते सांगून ठेव.

झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, तर हे कुणालातरी दाखवायलाच हवं. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्या ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही मस्करी तूही ऐकली असशील, केलीही असशील. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तुझ्यासारखी मुलं आईबाबांबरोबर येतात, बोलतात, संध्याकाळच्या लोकलने घरी जातात. आणि ‘त्याच्याऐवजी मी गेलो असतो तर’ असं मनात आलं, तर त्याच क्षणी आईला उठव. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

पुढचा भाग पप्पांना वाचायला दे. दादा, तुम्ही घाबरला आहात हे मला कळतंय. बोर्डाचं नाव काढणं सोपं जातं, मुलाच्या मित्राचं नाव काढणं अवघड. पण घरात ते नाव निघू द्या. तुमच्याही तो डोळ्यांसमोर वाढला. आणि एक काम तुम्हीच करा, मुलावर सोपवू नका. स्नायू जाड होण्याचा हा आजार बहुतेक वेळा घराण्यात उतरतो. त्या मुलाच्या धाकट्या बहिणीची आणि आईवडिलांची हृदयतज्ज्ञांकडून तपासणी झाली का, ईसीजी आणि टूडी इको काढला का, हे त्याच्या वडिलांना शांतपणे विचारा. तिकडे डॉक्टरांनी सांगितलं असेलही. पण त्या दिवसांत कानावर पडलेलं किती लक्षात राहतं, ते आपल्याला ठाऊक आहे. आणि तुमच्या मुलाच्या टीममध्ये पळताना कुणाला कधी भोवळ आली असेल, छातीत दुखलं असेल, किंवा कुणाच्या घरात तरुणपणी अचानक कुणी गेलं असेल, तर त्या मुलाचीही तपासणी होऊ दे.

आता तू. टीमला एकदा गोळा कर. मैदानात नको वाटत असेल तर कुणाच्या तरी गच्चीवर. सगळ्यांनी मिळून छाती दाबायचं शिकून घ्या. रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांच्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात. सोसायटीतल्या एखाद्या डॉक्टरांना विनंती केलीस तर तेही येतील. इतर मुलंही रात्री जागी असतात, हे तुला तिथे कळेल.

आणि त्याच्या आईकडे, काकूंकडे जा. तुझ्या आईला बरोबर ने. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नकोस. फोनची गोष्ट सांगावीशी वाटली तर सांग, नाही वाटली तर त्याने मारलेला एखादा गोल सांग. काकूंनी तो बघितला नसणार. त्या रडतील, तूही रडशील, आणि नंतर बहुतेक त्या तुला जेवायला बसवतील. जेव.

बूट त्यांना दे. धुऊ नकोस, माती तशीच असू दे.