ड्रायव्हर हजर झाला म्हणून गप्प बसू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोपच लागली नाही. काका सायकलवरून घरी येत होते, मागून मोठ्या गाडीने उडवलं, गाडी थांबली नाही. टपरीवाल्याने नंबर पाहिला आणि गाडी तालुक्यातल्या एका माजी पदाधिकाऱ्याची निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर स्वतःहून पोलिसांत हजर झाला, साहेबांनी 'मी गाडीत नव्हतो, कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे' असं फेसबुकवर टाकलं आणि आता त्यांचा माणूस 'दवाखान्याचं आम्ही बघतो, फक्त एका कागदावर सही द्या' म्हणतोय. नोव्हेंबर 2022 मध्ये आमच्या घरी जवळजवळ हेच घडलं. माझे वडील पहाटे डेअरीला दूध घालायला निघाले होते. पाचव्या दिवशी ते गेले. तुमचे काका आयसीयूत आहेत, ते बरे होऊन घरी येवोत.

एफआयआरची प्रत घेणं, बिलं आणि रिपोर्ट जपणं हे तुम्ही करतच असाल, त्यावर लिहीत नाही. मी वकील नाही, शिक्षक आहे. खाली जे आहे ते तीन वर्षांच्या हेलपाट्यांतून कळलेलं आहे. सही करण्याआधी अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलाला एकदा नक्की विचारा.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. वडील ऑपरेशन थिएटरमध्ये असताना रात्री तीनच्या सुमाराला माझा जबाब घेतला. डेअरीच्या टेम्पोवाल्याने गाडीचे शेवटचे चार आकडे मला सांगितले होते. मी ते हवालदारांना सांगितले. ते म्हणाले, 'तुम्ही स्वतः पाहिलंय का? नाही ना? मग आता अज्ञात वाहन लिहू, नंबर पुरवणी जबाबात घेऊ.' मी सही केली. त्या वेळी मला ते नियमाला धरूनच वाटलं. तो पुरवणी जबाब एक्केचाळिसाव्या दिवशी झाला. तोवर गाडीचा पुढचा बंपर आणि दिवा बदलून झाला होता. चव्वेचाळिसाव्या दिवशी ड्रायव्हर हजर झाला आणि विमा कंपनीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात, लेखी म्हणणं दिलं की ही गाडी भरपाईसाठी नंतर घुसवलेली आहे. 'प्लांटेड गाडी' हा शब्द मी पहिल्यांदा तिथे ऐकला. माझ्या बापाच्या मरणावर मी बनाव रचलाय, असं ते शुद्ध मराठीत लिहिलेलं मला वाचावं लागलं.

दुसऱ्याकडून ऐकलेली माहितीही फिर्यादीत येऊ शकते. 'अमुक माणसाने मला नंबर असा असा सांगितला' एवढं वाक्य पुरेसं होतं. तुमच्या फिर्यादीत नंबर आणि टपरीवाल्याचा उल्लेख आहे का, ते आजच बघा. नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. टपरीवाल्याचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली नोंदवून घ्या, अशीही मागणी करा. आमच्या टेम्पोवाल्याने दोन महिन्यांनी 'अंधार होता, नीट दिसलं नाही' असं सांगितलं. मी त्याला दोष देत नाही. त्याला रोज त्याच रस्त्याने टेम्पो न्यायचा आहे.

इथे मला उशिरा कळलेली एक गोष्ट. गाडी कोणती होती हा प्रश्न भरपाईचा आणि स्टिअरिंगवर कोण होतं हा प्रश्न शिक्षेचा. आम्ही दोन्हींची गल्लत केली. घरातले सगळे आमच्याकडच्या गाडीमालक साहेबांच्या मुलाचं नाव घेऊन बसले आणि गाडीचा नंबर कागदावर आणायचं राहून गेलं. भरपाई विम्यातून येते, त्यासाठी गाडी सिद्ध व्हावी लागते. चालवणारा ड्रायव्हर होता की आणखी कोणी, यावर तुमच्या काकांच्या दाव्याची रक्कम सहसा अडत नाही. न्यायाधिकरण फौजदारी कोर्टाइतका कडक पुरावाही मागत नाही.

शिक्षेचं म्हणाल तर मोठ्या नावांच्या प्रकरणांत पहिला घोळ याच प्रश्नावर होतो. सलमान खानचं प्रकरण आठवा. 28 सप्टेंबर 2002, वांद्र्याच्या हिल रोडवर बेकरीबाहेर फुटपाथवर झोपलेले लोक, एक मृत्यू, चार जखमी. फिर्यादी होता त्याचाच पोलीस अंगरक्षक. तो हवालदार 2007 मध्ये वारला. 2015 मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी, कुटुंबाच्या ड्रायव्हरने कोर्टात येऊन सांगितलं की गाडी मी चालवत होतो. सत्र न्यायालयाला ते पटलं नाही, 6 मे 2015 ला पाच वर्षांची शिक्षा झाली. 10 डिसेंबरला हायकोर्टाने निर्दोष सोडलं. सलमानच गाडी चालवत होता आणि दारू प्यायला होता, हे सरकार पक्षाला निःसंशय सिद्ध करता आलं नाही, असा तो निकाल. मेलेल्या हवालदाराची मॅजिस्ट्रेटसमोरची साक्ष ग्राह्य धरली गेली नाही. मी त्या निकालावर मत देत नाही, तेवढी माझी पात्रता नाही. पण फुटपाथवरच्या त्या माणसाला कोणाच्या हातून मरण आलं, याचं उत्तर त्याच्या घरच्यांना आजही मिळालेलं नाही, हे मला विसरता येत नाही.

जुलै 2024 मधलं वरळीचं प्रकरण ताजं आहे. मासे घेऊन पहाटे घरी निघालेलं कोळी जोडपं, मागून बीएमडब्ल्यू, बाईंना गाडीने फरफटत नेलं. आरोपी सत्ताधारी पक्षाच्या उपनेत्याचा मुलगा. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पुढे जाऊन त्याने आणि ड्रायव्हरने जागा बदलल्या. तो सापडला दोन दिवसांनी. रक्तातली दारू तासातासाने उतरते, दोन दिवसांनी रक्त तपासून काय हाती लागणार? त्याआधी मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनियर चिरडले. तिथे मुलाला लोकांनी जागेवरच पकडलं होतं, तर पोलिसांच्याच म्हणण्याप्रमाणे रक्ताचा नमुना बदलला गेला आणि घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आला. म्हणून म्हणतो, तुमच्याकडे ड्रायव्हर हजर झालाय यात हायसं वाटण्यासारखं काही नाही. तो खरंच चालवतही असेल, मला माहीत नाही. पण ते तपासात ठरू द्या, साहेबांच्या पोस्टवरून ठरवू नका.

त्यासाठी एक मागणी लेखी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 नुसार गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्स, ही माहिती मालकाने पोलिसांना मागणी केल्यावर द्यावीच लागते. अशी नोटीस काढली का, उत्तर काय आलं, हे तपासी अंमलदारांना अर्जातून विचारा. साहेब आणि ड्रायव्हर दोघांच्या मोबाइलचं त्या वेळचं लोकेशन आणि वाटेत टोलनाका असेल तर तिथलं फुटेज मागवायला सांगा. नाक्याच्या कॅमेऱ्यात पुढच्या सीटवरचा माणूस बऱ्याचदा दिसतो.

जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे चालकाचं काम आहे, कलम 134 तेच सांगतं. जमाव अंगावर येईल म्हणून पळालो, हे कारण प्रत्येक जण देतो. ठीक आहे, मग पुढच्या वळणावरून 112 ला फोन करा. आमच्या साहेबांना तेवढाही करावासा वाटला नाही. तेराव्याला मात्र हार आला. नव्या न्याय संहितेत न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम 106 (2) होतं, पण जानेवारी 2024 च्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर ते थांबलं आणि 1 जुलै 2024 ला संहिता आली तेव्हा तेवढं उपकलम लागू केलं नाही. ट्रकवाल्यांची भीती मी समजू शकतो. पण त्यांच्या आडून मोठ्या गाड्यांतले लोक सुटतात, याचा मला फार राग येतो.

आता ज्या कार्यालयात माझे हेलपाटे झाले, त्याबद्दल. नाव लिहीत नाही. पोलीस म्हणत होते वाहन अज्ञात, म्हणून मी सरकारच्या हिट अँड रन भरपाई योजनेचा अर्ज महसूल कार्यालयात दिला. 1 एप्रिल 2022 पासून या योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. तिथले बाबू म्हणाले, 'पेपरात पुढाऱ्याचं नाव आलंय, म्हणजे वाहन ज्ञात आहे, तुमचा अर्ज बसत नाही.' पोलिसांकडे गेलो तर कागदावर अज्ञात. सात महिन्यांनी समजलं की माझ्या अर्जाला आवक क्रमांकच पडला नव्हता. मी पोच मागितली नव्हती. शाळेत रजा टाकून किती वेळा गेलो, आई दारात वाट बघत बसायची, 'काय झालं रे' म्हणायची. पेपरातलं हिट अँड रन म्हणजे धडक देऊन पळाला. योजनेतलं हिट अँड रन म्हणजे प्रयत्न करूनही गाडीच सापडली नाही. तुमच्याकडे गाडी सापडलेली आहे, तेव्हा कोणी या योजनेकडे वळवू लागलं तर वळू नका. तुमचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा, आणि मुदत अपघातापासून सहा महिने.

सहीच्या कागदाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. करू नका. दवाखान्याचं बिल भरायचं असेल तर त्यांनी थेट दवाखान्यात भरावं, पावती घ्यावी, त्यासाठी तुमची सही लागत नाही. आमच्या काकांनी भावनेच्या भरात स्टॅम्प पेपरवर 'तक्रार नाही' लिहून 40 हजार घेतले. तो कागद नंतर आमच्याविरुद्धच दाखवला गेला. तुमची आर्थिक ओढाताण असेल तर मी परक्याने शहाणपण शिकवणं बरोबर नाही, हे कळतं. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. तुमचे सात दिवस उलटलेत, तरी त्या काळातलं बिल त्यात बसवलं का, ते दवाखान्यात विचारा.

आमचा दावा 2025 मध्ये मंजूर झाला. पंपावरच्या एका फुटेजने वाचवलं, तेही पंपाच्या मॅनेजरने स्वतःहून मोबाइलवर उतरवून ठेवलं होतं म्हणून. बाकी तीन ठिकाणचं पुसून गेलं होतं. फौजदारी खटला अजून चालू आहे.

तुमच्या पोस्टप्रमाणे अपघाताला आज नऊ दिवस झालेत. बऱ्याच दुकानांचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात, स्वतःवरच पुन्हा लिहिलं जातं. तुम्ही लिहिलंय की टपरीच्या पुढे पेट्रोल पंप आणि एक पतसंस्था आहे. दोन्हीकडे आज जा, फुटेज जपून ठेवा असा अर्ज द्या, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या आणि तिन्ही ठिकाणी शिक्क्यासह पोच घ्या.