झाडांच्या आधीचा ऑक्सिजन

टेकडीवरची झाडे तुटली तर पुण्यातला ऑक्सिजन कमी होईल का, आणि झाडेच नव्हती तेव्हा तो आला कुठून, असे टेकडी वाचवण्यासाठीचे निवेदन लिहिताना तुम्ही विचारले आहे. दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

पृथ्वीवर झाडे येऊन अजून 40 कोटी वर्षेही झालेली नाहीत. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. ते काम सायनोबॅक्टेरियांचे. शाळेत आपण त्यांना नीलहरित शैवाल म्हणून शिकलो, पण ते जिवाणू आहेत. पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर काळपट, बुळबुळीत थर धरतो ना, त्यातही ते असतात. माझ्याकडे कमळाची कुंडी आहे, डासांसाठी गप्पी सोडलेली. तिच्या आतल्या बाजूला धरलेल्या निळसर-हिरव्या थरावर भर दुपारी मोहरीहून बारीक बुडबुडे येतात. ऊन गेले की थांबतात. मी कितीतरी वेळ ते बघत बसतो. तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, पाणी फोडून निघालेला असतो. रुबेन आणि केमन या शास्त्रज्ञांनी 1941 मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक (तोच ऑक्सिजन, फक्त अणू थोडा जड) वापरून हे दाखवले.

पण तयार झालेला ऑक्सिजन लगेच हवेत टिकला नाही. विळी धुऊन न पुसता ठेवली तर सकाळी पात्यावर तांबूस डाग दिसतात. तेव्हाच्या समुद्रात अशा गंजण्याजोगे लोखंड विरघळलेले होते. ते ऑक्सिजनला धरून तळाशी बसत राहिले. कर्नाटकातल्या संडूर-बेल्लारी भागातले पट्टेदार लोहखडक त्याच प्राचीन समुद्रांच्या तळाचे. ज्वालामुखींतून येणारे वायूही ऑक्सिजन खात होते.

आता खरी मेख. पान जेवढा ऑक्सिजन सोडते, जवळजवळ तेवढाच ते पान कुजताना परत खर्च होतो. हिशेब बरोबरीत सुटतो. शिल्लक तेव्हाच पडते, जेव्हा मेलेल्या जिवांचा थोडासा कार्बन न कुजता समुद्राच्या गाळात गाडला जातो. हवेतला आजचा 21 टक्के ऑक्सिजन ही कोट्यवधी वर्षांची अशी शिल्लक आहे.

ऑक्सिजन साठू लागला तेव्हाच्या बहुतेक जिवांना तो विषच होता. त्यांचे वारस अजून हवेपासून लपून आहेत: चिखलात, गाईच्या पोटात, गोबरगॅसच्या टाकीत. टाकीत हवा शिरू देत नाहीत ती याचसाठी, मिथेन करणारे ते जीव ऑक्सिजनने मरतात. काहींनी मात्र हेच विष वापरायला घेतले. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोजच्या एका रेणूतून पेशीला एटीपीचे (पेशी ज्यावर चालते त्या इंधनाचे) 2 रेणू मिळतात, ऑक्सिजन असला तर सुमारे 30. असाच एक जिवाणू दुसऱ्या पेशीत राहायला गेला आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, झाला. तुमच्या-माझ्या पेशीपेशीत तो आहे, हे मला आजही थक्क करते. वर याच ऑक्सिजनपासून सूर्याचे अतिनील किरण अडवणारा ओझोनचा थर तयार झाला, म्हणून पुढे जमिनीवर उघड्यावर जगणे शक्य झाले. मोठे, हालते-फिरते प्राणी यायला मात्र आणखी फार काळ गेला. साधारण 54 कोटी वर्षांपूर्वी त्यांची गर्दी दिसू लागते.

तर तुमचा पहिला प्रश्न. जगातली सगळी झाडे जाळली तरी हवेतल्या ऑक्सिजनच्या साठ्यातला 1 टक्काही खर्च होणार नाही. टेकडी गेली म्हणून पुणेकर गुदमरणार नाहीत. टेकडी वाचलीच पाहिजे असे मलाही मनापासून वाटते, म्हणूनच निवेदनात ऑक्सिजनचा मुद्दा घालू नका. समोरचा अभियंता तो एका मिनिटात खोडेल आणि बाकीचे निवेदन वाचणार नाही. पावसाचे पाणी टेकडीच्या उतारावर मुरते आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरना मिळते, हे लिहा. मे महिन्यात दुपारी दोनला झाडीखाली आणि डांबरी रस्त्यावर थर्मामीटर धरा, दोन्ही आकडे तारखेनिशी जोडा. पक्ष्यांच्या नोंदी असतील तर त्याही द्या.