रेड डेलिशस सफरचंद मूळचं कुठलं? आणि हल्ली ते दिसायला लालभडक पण चवीला फिकं का लागतं?

या फळाचा उगम अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, पेरू नावाच्या छोट्या गावाजवळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप आपसूक उगवलं. ओळ सोडून आलं म्हणून त्याने ते छाटलं, ते पुन्हा फुटलं, पुन्हा छाटलं तरी फुटलं, तेव्हा त्याने ते राहू दिलं असं सांगतात. त्याच्या फळाला हायटने ‘हॉकआय’ नाव दिलं. 1893 मध्ये स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेच्या स्पर्धेत ते पहिलं आलं. स्टार्कनी हक्क विकत घेतले आणि नाव बदलून ‘डेलिशस’ केलं. ‘रेड’ हे पुढे लागलं, ‘गोल्डन डेलिशस’ बाजारात आल्यावर.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. मूळचं हॉकआय लालभडक नव्हतंच. पिवळसर अंगावर लाल पट्टे, लांबट आकार, बुडाशी पाच उंचवटे, गोड आणि सुवासिक गर. सफरचंदाची जात हापूससारखीच कलमाने टिकते, बियांनी नाही. पण कलमाच्या झाडावरही एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो आणि तिची फळं जास्त लाल येतात. त्या फांदीचे डोळे (कळ्या) दुसऱ्या रोपावर बसवले की नवी उपजात तयार. 1920 च्या दशकात ‘स्टार्किंग’ अशीच आली, मग ‘स्टार्क्रिमसन’ आणि कितीतरी. प्रत्येक वेळी निवड झाली ती रंगाची. चव कुणी तपासली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय अशी फळं पिकण्याआधीच लाल होतात, त्यामुळे लवकर तोडली जातात. गोडी आणि वास भरायला वेळच मिळत नाही. साल जाड, आत गर पिठूळ. अमेरिकेतल्या ग्राहकांनी अखेर पाठ फिरवली आणि 2018 मध्ये ‘गाला’ या दुसऱ्या जातीने उत्पादनात त्याला मागे टाकलं.

भारतात हे फळ रुजवलं सॅम्युअल स्टोक्स यांनी. फिलाडेल्फियाचा हा माणूस 1904 मध्ये इथे आला, सिमल्याजवळ कोटगढला स्थायिक झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला आणि पुढे हिंदू होऊन त्याने सत्यानंद हे नाव घेतलं. त्याआधी कुलूत इंग्रजांनी लावलेली सफरचंदं बरीचशी आंबट होती. स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास डेलिशसची रोपं आणली आणि त्या गोडीने डोंगरातली शेतीच बदलली. पुण्या-मुंबईत मिळणारं ‘रॉयल’ हे त्याच घराण्यातलं.

विकत घेताना एकसारखं गडद लाल फळ बाजूला ठेवा. पट्टे दिसणारं, पट्ट्यांमधली जागा हिरवी नसून पिवळसर झालेली, देठाजवळ वास येणारं आणि हाताला जड लागणारं घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात हिमाचलचा ताजा माल येतो, तेव्हा खाऊन बघा. आणि शिजवायला मात्र हे वापरू नका, आंबटपणा नसल्याने जॅम मिळमिळीत होतो.