बोर्डासमोर बोलायला जाण्याआधी

प्रिय मुली,

तुझा मसुदा दोनदा वाचला. काउंटी बोर्डासमोर (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) तुला तीन मिनिटं मिळणार आणि त्यातलं निम्मं भाषण तू वॉशिंग्टनमधल्या नेत्यांवर खर्च केलं आहेस. तेवढं काढून टाक. समोर बसलेल्यांपैकी काहींनी त्याच नेत्यांना मत दिलेलं असणार, आणि मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचे कागद सक्तीचे करणाऱ्या केंद्रीय कायद्याला विरोध करणारा तुझा ठराव मंजूर व्हायला तुला त्यांचीही मतं लागतील. हे कागद सक्तीचे केले, तर आपल्या काउंटीच्या नोंदणी खिडकीवर नेमकं काय होईल, एवढंच त्यांना सांग. त्या खिडकीमागे मी बरीच वर्षं बसले आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात त्यांच्या मनातल्या प्रश्नाने कर. परक्या देशाच्या नागरिकाने मत द्यावं का? देऊ नये. हे तू स्वतःच आधी बोलून टाक, आडपडदा ठेवू नकोस. राष्ट्रीय निवडणुकीत बिगरनागरिकाने मत देणं हा १९९६ पासून केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. नोंदणीच्या फॉर्मवर मी नागरिक आहे म्हणून सही करावी लागते, आणि ती खोटी निघाली तर तुरुंग आणि देशाबाहेर रवानगी. ग्रीन कार्डासाठी दहा-पंधरा वर्षं रांगेत काढणारी माणसं तुझ्या ओळखीतच आहेत. एका मतासाठी कोण एवढं पणाला लावेल, हे तुझ्याइतकं छान कोण सांगणार?

मग कॅन्ससवर ये. तुझ्या मसुद्यात कॅन्सस एका ओळीत उरकलंय, तिथे रेंगाळ. ही अट त्या राज्याने २०१३ पासून प्रत्यक्ष राबवून पाहिली. पुढच्या सुमारे तीन वर्षांत ३१ हजारांहून अधिक लोकांची नोंदणी अडकली, म्हणजे अर्ज करणाऱ्यांतले जवळपास १२ टक्के. खटला उभा राहिला तेव्हा न्यायालयाने दुसरी बाजूही मोजली: १९ वर्षांत यादीत शिरलेले बिगरनागरिक जास्तीत जास्त ३९. त्यातलेही बरेच फॉर्म भरतानाच्या गोंधळातून किंवा कर्मचाऱ्यांच्या चुकीतून आलेले. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे तर ओलंच जळत होतं. २०१८ मध्ये न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी तो नियम रद्द केला, वरच्या न्यायालयातही निकाल टिकला. आणि हे नक्की सांग, कारण बोर्डातल्या रिपब्लिकन सभासदांना ते ऐकू येईल: कॅन्ससचे त्यानंतरचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी) स्कॉट श्वाब हे रिपब्लिकन आहेत, आमदार असताना त्यांनी याच कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं, आणि २०२४ मध्ये त्यांनीच जाहीरपणे सांगितलं की आमच्याकडे हा प्रयोग नीट जमला नाही.

ॲरिझोनाचं फार लांबवू नकोस, पण एक गोष्ट घे. तिथे कागद नसलेल्यांना फक्त राष्ट्रीय पदांसाठी मत देता येतं. म्हणजे एकाच काउंटीला दोन प्रकारच्या मतपत्रिका आणि दोन याद्या सांभाळाव्या लागतात. २०२४ च्या निवडणुकीला जेमतेम दोन महिने असताना लक्षात आलं की सुमारे ९८ हजार मतदारांचा पुरावा तपासलेलाच नाही. नंतर तो आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. ऑक्टोबर १९९६ पूर्वी ज्यांनी लायसन्स काढलं आणि पुढे त्याची नवी प्रत घेतली, म्हणून संगणकाने त्यांनी पुरावा दिल्याचं धरून चाललं, अशी ती माणसं. वर्षानुवर्षं मतदान करणारी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पूर्ण मतपत्रिका द्यायला सांगितली, पण चूक सरकारी संगणकाची आणि धाकधूक मतदाराची, हे लक्षात ठेव.

आता तुझी स्वतःची गोष्ट. ती तू मसुद्यात घातलीच नाहीस, आणि मला वाटतं संकोचाने. तू चार वर्षांची असताना इथे आलीस, आईने नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा तू पंधराची होतीस, हातात ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे कायद्याने त्याच दिवशी आपोआप नागरिक झालीस. शपथविधीला तुझं नाव कुणी पुकारलं नाही, तुला सर्टिफिकेट मिळालं नाही. ते वेगळं काढायचं तर हजार डॉलरच्या वर फी. तुझ्याकडे पासपोर्ट आहे म्हणून निभावलं. पासपोर्टची मुदत संपली किंवा तो हरवला, की मग आईचं सर्टिफिकेट, तुझं जुनं ग्रीन कार्ड आणि सांगलीचा जन्मदाखला असं सगळं घेऊन खिडकीसमोर उभी राहशील. खिडकीवरच्या कारकुनाला हा कायदा माहीत असेल का? मला कित्येक दिवस माहीत नव्हता, कारण ते आमचं कामच नव्हतं. इमिग्रेशनचे कागद पारखायचं प्रशिक्षण काउंटीच्या कारकुनाला कुणी देत नाही.

आईचं सर्टिफिकेट एकदा हातात घेऊन बघ. जुन्या सर्टिफिकेटवर छापलेलं असतं की परवानगीशिवाय याची प्रत काढणं हा गुन्हा आहे. ते वाचून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत: प्लास्टिकच्या पाकिटातून तो कागद बाहेरही काढायला तयार नसायची. हरवला तर नवा काढायला पाचशे डॉलरच्या आसपास, आणि महिनोन्महिने थांबा. शिवाय आपल्या बायकांची नावं. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर तिसरंच. हा त्रास आपल्यापुरता नाही. न्यू हॅम्पशरमध्ये २०२५ च्या मार्चमध्ये गावागावांच्या निवडणुका नव्या नियमाने झाल्या, तेव्हा इथेच जन्मलेल्या बायकांना जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव आहे म्हणून विवाहाचा दाखला आणायला घरी परत जावं लागलं. हे बोर्डापुढे जरूर सांग, म्हणजे हा फक्त आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचा प्रश्न आहे असं कुणाला वाटणार नाही.

शेवटचा अर्धा मिनिट काउंटीच्या तिजोरीसाठी राख. एप्रिल २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने २२० विरुद्ध २०८ मतांनी मंजूर केलेल्या सेव्ह ॲक्टच्या, म्हणजे कागद सक्तीचे करणाऱ्या त्या केंद्रीय कायद्याच्या, मसुद्यात टपालाने अर्ज करणाऱ्यालाही कागद प्रत्यक्ष दाखवायला कार्यालयात यावं लागतं. कागद न बघता नोंदणी केली तर कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग, समोरचा माणूस खरा नागरिक असला तरी. माणसं, जागा, प्रशिक्षण या सगळ्याचा भार काउंटीवर. अशा अटीखाली बसलेला कारकून शंका आली की नाहीच म्हणणार. मीही म्हटलं असतं.

ठराव मंजूर झाला म्हणून काँग्रेस थांबणार नाही, आणि कायदा झालाच तर आपल्या काउंटी क्लार्कला (नोंदणीचं काम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) तो पाळावा लागेल. कायदा मोडायला सांगणारं एकही वाक्य बोलू नकोस. पण ठराव नोंदीत राहतो, खासदाराच्या कार्यालयात जातो, आणि कामाचा भार कुणावर पडणार होता हे पुढे कोर्टात दाखवायला उपयोगी पडतो.

सभेच्या आधी काउंटी क्लार्कला भेट. गेल्या वर्षी टपालाने आणि ऑनलाइन किती नोंदण्या आल्या, खिडकीवर किती माणसं आहेत, एवढंच विचार. आकडे त्यांच्या तोंडचे असू देत. ते स्वतः बोलायला तयार असतील तर त्यांना आधी बोलू दे आणि तुझं नाव त्यांच्यानंतर लिहून ठेव. नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी वाट बघते.

तुझी,
मावशी