इंडिया ट्रिपच्या यादीत हे नको

“मुलगा २२ महिन्यांचा आहे. हाक मारली तर वळत नाही. ‘मम्म’, ‘काऊ’, ‘बाबा’ म्हणायचा, तेही दोन महिन्यांपासून बंद झालंय. डिसेंबरात तीन आठवडे नागपूरला येतोय, तेव्हा ऑटिझमचं असेसमेंट तिथेच उरकून घेऊ का?” अमेरिकेतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आहे.

जीव टांगणीला लागलाय, दिसतंय. पण दात, चष्मा, फुल बॉडी चेकअप, सगळंच नागपूरच्या सुट्टीत कोंबायची आपली जुनी खोड इथे चालायची नाही. मी हे आधीही लिहिलंय आणि लिहीतच राहणार: लेकरू जिथे वाढणार, तिथल्या रांगेत आजच नाव लावा. आलेले शब्द गेले की कोणत्याही वयात थांबायचं नसतं, मग डॉक्टर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणोत की आजी.

रांगा दोन आहेत. पहिली ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ची, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या लहान मुलांना मदत देणाऱ्या तिथल्या सरकारी सोयीची. तिथे आईवडील स्वतः फोन करू शकतात. चिठ्ठी लागत नाही, निदान लागत नाही, तपासणीचे पैसे पडत नाहीत. नाव नोंदवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि मूल पात्र ठरल्यास मदतीच्या आराखड्याची बैठक व्हायला हवी, म्हणून फोनची तारीख लिहून ठेवा. ही सोय तिसऱ्या वाढदिवसापर्यंतच. तुमच्या हातात १४ महिने आहेत, ते डिसेंबरची वाट पाहण्यात घालवू नका. दुसरी रांग निदानाची, डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनकडची, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडची. ती लांबते. पहिली सुरू झाली म्हणून दुसरी सोडू नका, आणि कुणाची वेळ रद्द झाली तर कळवा, असं तिथे सांगून ठेवा.

नागपुरात जाणकार नाहीत असं नाही. पण हिवाळ्यात तुमच्या-आमच्या घड्याळात साडेदहा तासांचा फरक. पोरगं रात्री दोनला टक्क जागं, सकाळी अकराला पेंगतंय, घरात लग्नाची माणसं. अडोस-२ सारख्या ऑटिझमच्या चाचणीत ४० ते ६० मिनिटं खेळवून बघतात; त्या अवस्थेत खरं काय दिसणार? आमच्या पुतण्याने इथून जाडजूड फाइल नेली. तिकडच्यांनी ती मागे टाचली आणि सगळं पहिल्यापासून केलं.

तोवर ‘एम-चॅट’ भरा, म्हणजे ऑटिझमची शंका आहे का हे चाळणारी आईवडिलांसाठीची प्रश्नावली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्न. इथे आपले लोक हमखास चुकतात: एकदा-दोनदा केलेल्या गोष्टीलाही ‘हो’ लिहितात. नेहमी करत नसेल तर उत्तर ‘नाही’. ३ ते ७ गुण आले तर पुढचे प्रश्न विचारतात, ८ किंवा जास्त आले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. पण हे निदान नव्हे, आणि गुण कमी आले तरी गेलेल्या शब्दांची काळजी मिटत नाही.

मग व्हिडिओ. दोन-तीन मिनिटांचे, तारखेसह. मोबाइल कपाटावर टेकवून ठेवा, हातात धरला की पोरगं त्याच्याचकडे बघतं. मागून एकदाच नाव घ्या. टाळी नाही, किल्ल्या नाहीत, बिस्किटाचा पुडा तर नाहीच. पंख्याकडे बोट दाखवा आणि तो तुमच्या बोटामागे बघतो का ते टिपा. स्वतःहून काही दाखवायला बोट करतो का, हे वेगळं लिहा. नुसतं हवंय म्हणून केलेलं बोट वेगळं. शब्द होते तेव्हाचे जुने व्हिडिओही जपून ठेवा.

कान तपासलेत का? पत्रात उल्लेख नाही. जन्मल्यावर ‘पास’ झालं होतं, तेवढ्यावर राहू नका. बहिणीच्या नातवाचं तसंच होतं, नंतर कानात पाणी साचलेलं निघालं. हेही तिकडेच, आत्ताच. अगदीच राहिलं तर बेरा, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी चाचणी, नागपुरात करा. ती झोपेत करतात. जेट लॅगचा तेवढा तरी उपयोग!

“घरात मराठी बंद करू का?” मुळीच नको. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही. शब्द मोजताना दोन्हींतले मोजा, आणि तपासणीला मराठी दुभाषा मागा. हिंदीवर भागवून घेऊ नका.

लशींमुळे? नाही. लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८चा तो लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

सासूबाईंना इतकंच सांगा की तपासणी चालू आहे. तिकिटं रद्द करू नका, फक्त तिकडून तपासणीची तारीख त्याच तीन आठवड्यांत आली तर विमानाचीच बदला.