स्पॅनिशमध्ये 'आहे'ला 'आय', मग 'होतं'ला 'आबिया' की 'उबो'?

वर्तमानकाळ दोन वाक्यांत उरकतो. एक पुस्तक असो की शंभर, 'आय'च: आय उन लिब्रो, आय सिएन लिब्रोस. ओळखीची, ठरावीक वस्तू कुठे आहे ते सांगायचं तर 'एस्ता': एल लिब्रो एस्ता आकी, म्हणजे (ते) पुस्तक इथे आहे.

भूतकाळाचं विचारून तुम्ही माझी दुखती नस दाबलीत. आमच्या क्लासच्या बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले होते: जास्त वेळ असलेलं ते 'आबिया', थोडा वेळ असलेलं ते 'उबो'. सगळ्यांनी मुकाट उतरवून घेतलं. परीक्षेत मी लिहिलं, 'एन एस्पान्या उबो ऊना गेर्रा सिविल', स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं. त्यावर लाल फुली! का, तर ते 1936 ते 1939 चाललं, म्हणजे 'जास्त वेळ'. पेपर घेऊन गेलो. म्हटलं, मॅडम, मग टेबलावर क्षणभर बसलेल्या माशीला 'उबो' लावायचं का? 'आबिया ऊना मोस्का एन ला मेसा' असंच म्हणतात ना? उत्तर आलं, "नोट्समध्ये आहे तेवढंच लिहा." मार्क काही वाढले नाहीत.

वेळ किती लागला याचा इथे काडीचाही संबंध नाही. काहीतरी घडलं आणि घडून गेलं, तर 'उबो': भूकंप, संप, युद्ध. त्या वेळी तिथे काय काय होतं याचं चित्र उभं करायचं, तर 'आबिया'. 'आबिया मुचा हेंते एन ला प्लासा कुआंदो उबो ऊना एक्सप्लोसिओन': चौकात बरीच गर्दी होती आणि स्फोट झाला. मराठीत जिथे 'झालं' तोंडात येतं तिथे बहुधा 'उबो' बसतं. ही एक ओळ त्या रकान्यांपेक्षा जास्त कामाची होती.

अनेकवचन राहिलंच. माणसं 'होती' म्हणून 'आबियान' किंवा 'उबिएरोन' करू नका. या रचनेत माणसं कर्ता नसून कर्म असतात, म्हणून क्रियापद एकवचनीच राहतं. लॅटिन अमेरिकेत आणि स्पेनच्या कॅटलान बोलणाऱ्या भागात बोलताना 'आबियान' सर्रास ऐकू येतं. त्या लोकांना सुधारायला जाऊ नका, पण परीक्षेत लिहूही नका.

आणि हो, स्पेनमधल्या बऱ्याच भागात आज सकाळी झालेल्या अपघातासाठी 'उबो'पेक्षा 'आ आबिदो' ('झाला आहे' अशा धर्तीचं रूप) जास्त चालतं. त्याला बाईंच्या फळ्यावर रकानाच नव्हता.