अनुलोम म्हणजे श्वास घेणे नव्हे

भुसावळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या योगवर्गात सांगतात की अनुलोम म्हणजे श्वास आत घेणे आणि विलोम म्हणजे बाहेर सोडणे. हे बरोबर का? आणि मन शांत राहावे म्हणून एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडतात त्याला अनुलोम-विलोम म्हणायचे की नाडीशोधन?

पहिल्याचे उत्तर: साफ चूक. सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला जा, कुठल्याही बागेत सतरंजीवर बसलेल्या मंडळींजवळ क्षणभर थांबा, हेच कानावर पडते. "अनुलोम" म्हटले की छात्या फुगतात, "विलोम" म्हटले की उतरतात. अहो, श्वास घेण्याला पूरक, सोडण्याला रेचक आणि कोंडण्याला कुंभक असे तीन नेमके शब्द शेकडो वर्षे तयार आहेत. ते बाजूला सारून भलत्याच दोन शब्दांना त्यांच्या जागी का बसवायचे?

त्यात फलकांवर 'अणुलोम' लिहिलेले दिसते. याचे कारण मात्र मला समजते. आपल्या अहिराणीत 'ण'चा 'न' होतो, पाण्याचे पानी होते, लोण्याचे लोनी. शाळेत त्यावरून इतक्यांदा टोकलेले असते की पुढे लिहिताना जिथे मुळातच 'न' आहे तिथेही माणूस धास्तीने 'ण' घालतो. मग त्या 'अणू'चा अर्थही लावला जातो की श्वास अणुरेणूत पोचतो म्हणून अणुलोम! तसे काही नाही. शब्द अनु आणि लोम असा आहे. यातला 'अनु' अनुक्रम, अनुकरण, अनुयायी यांतलाच.

आता लोम. विवाहातले अनुलोम-प्रतिलोम सर्वांनी ऐकलेले असते, ते सोडून देतो. लोम म्हणजे अंगावरचा बारीक केस. रोमांचातला रोम तो हाच, संस्कृतात र आणि ल दोन्ही रूपे चालतात. आणि मराठीत आपण अंगावरची 'लव' म्हणतो ती या लोमाचीच लेक.

पोळ्याला बैल धुताना हात कसा फिरतो ते आठवा. खांद्यावरून शेपटीकडे हात नेला की लव बसते, पाणी निथळते, पाठ चकाकते. तोच हात शेपटीकडून खांद्याकडे आणला की लव उभी राहते, तळाची माती दिसू लागते आणि बैल कातडी थरथरवतो. पहिला हात अनुलोम, दुसरा प्रतिलोम. शब्द घडवणाऱ्याने गुरांच्या अंगावरून हात फिरवलेला होता, यात मला तिळमात्र शंका नाही.

वैद्यांनी हा अर्थ नीट जपला. पोटातला वायू खाली न जाता वर चढू लागला तर त्याला त्याच्या वाटेला लावणे म्हणजे वाताचे अनुलोमन, आणि त्यावर आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याने दाखला दिला आहे हिरड्याचा. अनुलोम म्हणजे ज्याच्या त्याच्या ठरल्या दिशेने. मग मला सांगा, श्वास बाहेर पडणे उलट्या दिशेचे कसे? आत येणे जितके सरळ, तितकेच बाहेर जाणेही सरळ. उच्छ्वासाला विलोम म्हणणे म्हणजे तो अंगाविरुद्ध चालला आहे असे म्हणणे.

पण खरी गंमत पुढे आहे. अनुलोमाचा जोडीदार प्रतिलोम असायला हवा. पाणिनीच्या सूत्रात (५.४.७५) प्रति, अनु आणि अव या तीन उपसर्गांपुढे 'लोमन्' आला की काय होते ते सांगितले आहे: प्रतिलोम, अनुलोम, अवलोम. त्यात 'वि' नाही. शब्दशः पाहिले तर विलोमाचा अर्थ 'ज्याला केस नाहीत तो' असाही होऊ शकतो. तरी श्वासाच्या बाबतीत जोडी जमली ती अनुलोम-विलोम अशी. का?

माझे मत असे की इथला विलोम व्याकरणातला नाही, गणितातला आहे. आणि गणितातला विलोम म्हटले की आपल्याला फार लांब जायला नको. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ सालचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ स्थापन केला. त्या भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात (११५०) व्यस्तविधी आहे: शेवटचे उत्तर माहीत आहे, मूळ संख्या हवी, तर शेवटापासून मागे यायचे. गुणिले असेल तिथे भागायचे, भागले असेल तिथे गुणायचे, वर्ग असेल तिथे मूळ, मूळ असेल तिथे वर्ग, मिळवले असेल ते वजा. आणि तिथे शब्द आला आहे 'विलोमे शेषमुक्तवत्', म्हणजे उलट क्रमात बाकीचे सांगितल्याप्रमाणेच. (त्याच श्लोकात 'लव' हा शब्दही आहे, पण तो अंशाचा, 'कापणे' या अर्थाच्या लू धातूवरून आलेला. आपल्या केसाच्या लवेशी त्याचा संबंध नाही, घोटाळा करू नका.)

त्यांचेच उदाहरण घ्या. एका संख्येला ३ ने गुणले, आलेल्या गुणाकाराचा पाऊण हिस्सा त्यातच मिळवला, ७ ने भागले, आलेल्यातून त्याचा तिसरा हिस्सा काढला, उरलेल्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले, १० ने भागले, तर २ आले. आता परत फिरा. २ चे २०, ८ काढून १२, वर्ग १४४, ५२ मिळवून १९६, मूळ १४. तिसरा हिस्सा जाऊन १४ उरले म्हणजे आधी २१ होते, सातपट १४७, पाऊणपट मिळवण्याआधी ८४, तिसरा हिस्सा २८. संख्या २८. एकही पायरी नवी नाही, क्रम तेवढा टोकाकडून.

हाच विलोम श्वासात आहे. डावीने आत, उजवीने बाहेर हा अनुलोम. मग उजवीने आत, डावीने बाहेर हा विलोम. विरोध कशालाच नाही, क्रम तेवढा उलटला. प्रतिलोमात अंगावर जाण्याची झाक आहे, विलोमात नुसती परतीची. सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपूरच्या दैवज्ञ सूर्याने असे काव्य रचले की सुलट वाचले तर रामाची कथा आणि अक्षरे उलट वाचली तर कृष्णाची. त्याला नाव विलोमकाव्य. आणि या कवीने लीलावतीवर टीकाही लिहिली होती. एकच माणूस गणित आणि काव्य दोन्हीकडे हा शब्द क्रम उलटण्यासाठीच वापरतो, तेव्हा माझ्या मताला बळकटी येते असे मी मानतो.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत मात्र विलोम म्हणजे टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत घेतलेला किंवा सोडलेला श्वास. नाकपुड्यांची अदलाबदल त्यात नाही. अय्यंगार गुरुजींचा आसन-प्राणायामातला अधिकार मी मानतो, शब्दाचा हा वापर मानत नाही. थांबत थांबत चालण्यात उलटे काय आहे? जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याला थांबलो म्हणून मी उलटा निघालो असे होत नाही. त्याला खंडित म्हणा, सोपान म्हणा, विलोम नको.

ताईंचा दुसरा प्रश्न. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात आठ कुंभक, म्हणजे इथे प्राणायामाचे प्रकार, सांगितले आहेत, त्यांत अनुलोम-विलोम नावाचा एकही नाही. पण दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, ही क्रिया स्पष्ट आहे: चंद्राने, म्हणजे डावीने, पूरक करून सूर्याने, म्हणजे उजवीने, सोडायचा, मग उलट. 'येन त्यजेत् तेन पीत्वा', ज्या नाकपुडीने सोडला तिनेच परत घ्यायचा. फळ सांगितले आहे ते नाड्या शुद्ध होण्याचे. म्हणजे नाडीशोधन हे हेतूचे नाव आणि अनुलोम-विलोम हे क्रमाचे. काही ठिकाणी कुंभक केला तर नाडीशोधन, नाही केला तर अनुलोम-विलोम असा भेद करतात. शिकवायला तो सोयीचा आहे, शब्दांत त्याला आधार नाही.

मन शांत होण्याचे म्हणाल तर त्याच श्लोकात 'शनैरेव न वेगतः' आहे, हळूच, जोराने नाही. श्वास संथ झाला, रेचक पूरकापेक्षा लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे आता यंत्रावरही दिसते. अशा गोष्टी प्रयोगशाळेत मोजायला ज्यांनी आपल्याकडे सुरुवात केली ते स्वामी कुवलयानंद १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढण्याआधी अमळनेरला, खानदेश एज्युकेशन सोसायटीत होते.

तेव्हा ताई, वर्गात घेताना पूरक म्हणा, सोडताना रेचक म्हणा. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर, सुरुवात डावीने. आवर्तन डावीवर येऊनच पुरे होते. उजवीने सोडून तिथेच उठलात तर अनुलोम तेवढा झाला, विलोम राहिला.